डावी पाकळी

सयाजी गुरवाचं गाऱ्हाणं निम्म्यावर आलं होतं, तेवढ्यात देवीच्या डाव्या खांद्यावरची पाकळी खाली पडली.

"डावा! डावा दिला!" कुणीतरी ओरडलं. देवळात बसलेल्या पंचवीस बाप्यांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. जसं काही मोठंच संकट टळलं होतं!

राजनंदिनी हात जोडून तशीच उभी राहिली. उजवी पाकळी आधी पडली, तर बापाची जीप तिनंच चालवायची. डावी पडली, तर चावी चुलतभावाच्या, यशराजच्या हातात द्यायची. चार दिवसांपूर्वी तिनं गावकीसमोर हे कबूल केलं होतं. उजवी पाकळी अजून देवीच्या खांद्याला घट्ट चिकटून होती.

खरं तर कबूल करायची तिला काहीच गरज नव्हती. बाप आजारपणात गेला, त्यानंतर सहा महिने वाडीपासून पोलादपूरपर्यंत जीप तीच चालवत होती. लायसन होतं, बॅज होता. बाळंतपणात अडलेली शकू तिच्याच जीपमधून वेळेत खाली दवाखान्यात पोचली होती. पण गावकीला ते खुपत होतं. पोरीनं स्टिअरिंग धरायचं आणि बाप्यांनी मुकाट मागं बसायचं, हे काही कुणाच्या घशाखाली उतरेना. "कौलबिल मी मानत नाय," असं ती तोंडावर सांगणारच होती. अडवलं ते आईनं, सोनाबाईनं. गोठ्यात धार काढता काढता ती म्हणाली होती, "लाव गो कौल. देवीनं उजवा दिला, मंग कुनाची टाप हाय बोलायची? मी हाय ना तुज्या बाजूनं."

त्या शेवटच्या वाक्यावर राजनंदिनी तयार झाली.

सोनाबाईला कौलाचं भारी कौतुक. तिची स्वतःची गोष्ट वाडीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा पाठ होती. माहेरी, कापड्याला असताना तिला नर्स व्हायचं होतं. महाडला नावही लागलं होतं. घरच्यांनी कौल लावला. "गाऱ्हानं पुरं व्हायच्या आत माजी डावी पाकळी पडली," ती सांगायची. "देवीनं इचार करायलासुदिक येळ घेतला नाय. मंग कसली नर्स आन् कसलं काय!" सांगताना ती हसायची. देवीनं आपल्याकडे जातीनं लक्ष दिलं, असंच तिला वाटत आलं होतं.

गुरवानं पडलेली पाकळी उचलली आणि रीतीप्रमाणे राजनंदिनीच्या हातावर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली. बोटं बुळबुळीत झाली. तिनं पाकळी चिमटीत धरून चोळली, नाकाशी नेली. खोबरेल तेल.

पाकळ्या नुसत्या पाण्यानं चिकटवतात. कौलाच्या दिवशी मूर्तीला तेलाचा थेंब लागू द्यायचा नसतो. आणि त्या दिवशी देवीला आंघोळ घालायची ती कौल लावणाऱ्याच्या आईनं, एकटीनं. हीच रीत होती, इथंही आणि खाली कापड्यालाही.

तिनं आईकडे पाहिलं. सोनाबाई पदराच्या टोकानं एक बोट पुसत होती. नजर वर करत नव्हती.

"चल ताई, आण चावी," यशराज हात पुढं करून म्हणाला.

"थांब जरा."

तिनं आईचा दंड धरला आणि तिला बाहेर जीपपाशी आणलं. राग इतका आला होता की रडूही येईना. गावकीनं असा डाव केला असता तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. गावकीकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. पण आई?

"तेल का लावलंस, आये?"

"कसलं त्याल?" असं सोनाबाईनं आधी म्हणून बघितलं. मग लेकीच्या हातातली पाकळी तिला दिसली.

"तुज्याच भल्यासाठी गो," ती रडवेली झाली. "रोज घाट चढनार, उतरनार, बाप्यांत वावरनार. तुला सोयरीक कुठनं येनार? मी जिती हाय तंवर तुजा संसार बघू दे."

"मग तोंडावर नाय म्हणायचं होतंस! भांडलो असतो दोघी. बाजूनं हाय म्हणालीस आणि देवीच्या आड लपलीस. मला फसवलंस तू."

सोनाबाई बोट पुसत राहिली.

"चावी मी देणार नाय. आत जाऊन सांग त्यांना. आणि तू काय केलंस तेही तूच सांग."

राजनंदिनी जीपमध्ये चढली. दार लावून घेतलं. चावी फिरवता फिरवता ती थांबली. काच खाली करून तिनं विचारलं, "हे तेलाचं तुला कुणी शिकवलं?"

"माज्या आयनं," सोनाबाई म्हणाली. "मरताना. समद्यांना भायेर घालवलं आन् माज्या कानात सांगितलं. पोर हट्टाला पेटली तर डाव्या खांद्याला त्यालाचं बोट लाव, म्हनली. लगीच पडतो कौल."

राजनंदिनीचा राग कुठल्या कुठं गेला.

"आये," तिनं हळूच विचारलं, "आजीला मुली किती गो?"

"किती म्हंजे? येकच. मीच की," सोनाबाई म्हणाली, आणि बोट पुसायची थांबली.