हलवलेली बाटली

निपाणीच्या मारुतीआप्पांचा शिक्क्यांच्या शाईचा कारखाना वाचणार का, हे एका बाटलीवर ठरणार होतं. सूत्र चोरल्याचा आरोप करणाऱ्या कंपनीचं पेटंट ‘राळ पूर्ण विरघळलेल्या’ शाईचं होतं. आप्पांच्या शाईत राळ विरघळत नाही, तळाशी बसते. तो थर न्यायाधीशांना दाखवायचा म्हणून मी, आप्पांची रसायनतज्ज्ञ, बाटली बेळगावच्या कोर्टापर्यंत मांडीवर जपून आणली. आप्पांनी ती न्यायाधीशांना देताना सवयीनं खळाखळा हलवली. थर मोडला. “बघा, सगळं विरघळलंय!” कंपनीचे वकील आनंदले. मी कपाळाला हात लावला. “हलवली कशाला?” न्यायाधीशांनी विचारलं. “न हलवता शिक्का फिका उठतोय की, साहेब. राळ तळाला बसती न्हवं!” न्यायाधीश हसले. “वकीलसाहेब, विरघळलेली राळ कोण हलवतं?” त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. “थर बसेपर्यंत सगळे चहा पिऊन या. तोवर कुणी हात लावायचा नाही. आप्पा, तुम्ही तर नाहीच.”