ग्लेनला न आठवलेलं वाक्य

सातव्यांदा ग्लेन अडखळला, तेव्हा कॅमेऱ्यामागून कोणीतरी ओरडलंच, "अरे, तूच लिहिलंयस ना हे?"

सगळे फिदीफिदी हसले. ग्लेन बाउमनचं वाक्य चुकतं म्हणजे काय! नऊ वर्षं टीव्हीवरचा लाडका पोलीस. आजचा भाग लिहिलेला त्याने, दिग्दर्शनही त्याचंच. पहिल्याच टेकमध्ये काम उरकणारा म्हणून अख्ख्या लॉस एंजेलिसमध्ये नाव. आणि आज न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याला कापड बांधून, ठोंब्यासारखा बसलेला.

मागे कात्री धरून ऑर्विल टेट उभा होता. वय एकोणऐंशी. काम म्हाताऱ्या न्हाव्याचं, एकाच दिवसाचं. त्याचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. वर्षाकाठी कामाचे ठरलेले दिवस भरले तरच नटांच्या संघटनेचं आजारपणाच्या विम्याचं कार्ड चालू राहायचं. आजचा धरूनही एक दिवस कमी पडत होता आणि वर्ष शुक्रवारी संपत होतं. त्याच्या बायकोचं, नेटीचं, डायलिसिस त्याच कार्डावर चालायचं. सकाळी मेकअपवालीपाशी तो हे बोलून गेला होता. शेजारच्या खुर्चीत ग्लेन मस्त घोरत होता.

सहाला दिवे बंद व्हायचे. आता दहा मिनिटं उरली होती. हा आणखी एकदोनदा चुकला की काम उद्यावर जाणार. देवा, चुकू दे रे याला, असं ऑर्विलच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. साठ वर्षं या धंद्यात काढून समोरच्या नटाचं वाईट चिंतायचं? कोपऱ्यात मालिका काढणाऱ्या कंपनीचा माणूस तोंड वाकडं करून उभा होता. या पोराला पुन्हा कधी दिग्दर्शन देतील का हे लोक? म्हाताऱ्याचा जीव कळवळला.

आठवा टेक. ग्लेन पुन्हा थांबला. केस विंचरायच्या निमित्ताने ऑर्विल वाकला आणि त्याचं वाक्य कानात पुटपुटला, "माझ्या बापाचेही केस तुम्हीच कापायचात ना?"

ग्लेनने नुसतं डोकं खाजवलं. ऑर्विलने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"कट!" ग्लेन खेकसला. "नाही आठवत! सकाळी घेऊ."

कंपनीचा माणूस दार आपटून गेला. दिवे विझले. ऑर्विल ग्लेनच्या गळ्याचं कापड सोडू लागला.

"बाळा, डॉक्टरला दाखव एकदा. दोनदा सांगितलं की रे मी!"

ग्लेनने मागे वळून पाहिलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने म्हाताऱ्याचा हात धरला.

"वाक्य पाठ आहे हो मला. आणि सकाळी मी घोरत नव्हतो. उद्याचा धरून भरतात ना तुमचे दिवस?"