देर्लिसची खाच

दुपारी कामाची पाळी संपली, तशी निमियाने पोलीस चौकीतल्या सगळ्यांचे छातीवरचे कॅमेरे डॉकच्या खाचांत बसवले. चित्रण संगणकात उतरेपर्यंत तेरेरेचा, म्हणजे पानांच्या थंडगार पेयाचा पेला, एकाच नळीसकट, हातोहात फिरू लागला. सवयीने तिने तो देर्लिसच्या खुर्चीपुढेही धरला.

"कुणाला पाजतेयस? तो कॅमेऱ्यासकट नदीत बुडाला की गं!" सिरिलो हळूच म्हणाला.

निमिया ओशाळली. भरला पेला तिने खुर्चीसमोर टेबलावर तसाच ठेवला.

तेवढ्यात डॉकमधल्या देर्लिसच्या रिकाम्या खाचेचा दिवा हिरवा लुकलुकला. संगणकावर हीच खोली उमटली, त्याच्या खुर्चीतून दिसावी तशी. चित्रात निमिया पेला पुढे करत होती, आणि एक ओला हात तो घेत होता.

तिने टेबलाकडे पाहिलं. पेला जागच्या जागी होता. नळीतून तळाचा घोट सुर्रकन ओढल्याचा आवाज आला.