नुसता अंगठा

मशीनच्या काचेवर लाल दिवा लागला आणि सोनूबाईंनी उजवा हात झटकन पदराखाली घेतला.

“आई, चावत नाही ते,” त्यांची सून नीलम म्हणाली.

घाटकोपरच्या बँकेत नोव्हेंबरची गर्दी होती. पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा हा महिना. दरवर्षी सोनूबाई साहेबांच्या टेबलासमोर बसायच्या, साहेब त्यांच्याकडे एकदा बघायचे, सही घ्यायचे, झालं. यंदा साहेबांची बदली झाली होती आणि टेबलाच्या जागी हे मशीन उभं होतं. अंगठा लावा, काम फत्ते. नाही लावला, तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. नवऱ्यामागे त्या पेन्शनवरच सोनूबाईंचं औषधपाणी चालत होतं, मुलापुढे हात पसरावा लागत नव्हता.

नीलमला आधी हसूच आलं. सासूबाई कुणाला भिणाऱ्यातल्या नव्हत्या. चाळीतल्या नळावर त्यांच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. आज मात्र त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठ सुकले होते. करंट लागेल असं वाटतंय का, नीलमने विचारलं. की पैसे जातील असं? सोनूबाई नुसती मान हलवत राहिल्या. मागच्या एका काकांनी, म्हाताऱ्यांना नवीन काही नकोच असतं, असं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगून टाकलं. नीलम चिडली. सासूबाईंचा हात धरून तिने तो काचेकडे ओढला आणि चरकली. हात गार पडला होता. अंगठा मुठीत गच्च दाबलेला. सासरे दवाखान्यात होते तेव्हाही तिने सासूबाईंना एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आता तिलाही भीती वाटायला लागली.

बँकेतला नवा ऑफिसर सुशांत उठून आला. माणूस मनाचा चांगला होता. खाली वाकून तो अगदी मायेने म्हणाला, “आजी, घाबरायचं काय त्यात? वाचायचं नाही, लिहायचं नाही. नुसता अंगठा ठेवा, बाकी सगळं मी बघतो.”

सोनूबाई एक पाऊल मागे सरल्या. मूठ काही सुटली नाही.

“माझी खोली ज्यानं लाटली, तो बी असाच गोड बोलला व्हता, बाळा. त्याच्यापायी चाळिशीत लिवायला शिकले मी. पेन दे.”