सहाच्या उड्या

मी धापा टाकतच दार उघडलं. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी ठोसर, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात कागद.

"लेखी तक्रार आलीये वहिनी. तुमच्या उड्यांची."

उड्यांची कल्पना माझी नव्हतीच. ती खालच्या मजल्यावरच्या वृंदाची, माझ्या जिवलग मैत्रिणीची. "यूट्यूबवर एकवीस दिवसांचा व्यायाम आहे. रोज सहाला तू वर, मी खाली. तुझ्या उड्या ऐकू आल्या की मलाही लाजेने उठावंच लागेल," ती म्हणाली होती. पहिल्या दिवशी पाचव्या उडीलाच मी फरशीवर बसले. पोटऱ्या अशा भरल्या की दोन दिवस जिना उलटी उतरले, कठडा धरून. तरी उठत राहिले, कारण मी थांबले असते तर खाली ती एकटी पडली असती. साडेसहाला तिचा मेसेज यायचाच, "झालं गं! घामाघूम!"

कागदावर लिहिलं होतं, 'गेले बारा दिवस सकाळी सहाला वरच्या धपधपीने माझी झोपमोड होते.' खाली वृंदाची सही.

तक्रारीचं मी मनाला लावून घेतलं नसतं. पण बारा दिवस ती पांघरुणात होती.

ठोसर जिना उतरले आणि मेसेज आला. "झालं गं! आज तर मेलेच! तुझं?"

"माझं व्हायचंय अजून," मी लिहिलं आणि हॉलमधली चटई ओढत बेडरूममध्ये नेली. खाली तिचा पलंग नेमका कुठे आहे, ते मला ठाऊक होतं.