बिडवेल चिमटा

लेम्युअल गेट्सच्या दारात एनॉक बिडवेलने टोपी काढली, पण पाऊल आत पडेना. एका हातात टोपी, दुसऱ्यात बायकोने, केझायाने, फडक्यात बांधून दिलेला ॲपल पाय. थाळी अजून गरम होती.

"ये की आत," खाटेवरून लेम्युअल म्हणाला. "चिकटणारा आजार नाही. नुसतं म्हातारपण आहे."

एनॉक आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. गावात लोखंडी सामानाचं सगळ्यात मोठं दुकान त्याचं. चर्चमध्ये पहिला बाक त्याचा. आणि कनेक्टिकटच्या त्या सबंध खोऱ्यात भट्टीतून तापलेली थाळी बाहेर काढायला बायका जो तारेचा चिमटा वापरत, त्याच्या दांड्यावर नाव त्याचंच: 'बिडवेल, पेटंट १८८९'. ते नाव दिसलं की त्याची मान खाली जाई. लोक म्हणत, किती विनयशील माणूस.

लेम्युअल उमेदीत घोडागाडीवर पत्र्याची भांडी लादून दारोदार विकायचा. असाच एकदा फेरीवरून परतताना तो एनॉकच्या दुकानात चित्र घेऊन आला होता. लांब दांडा, पुढे दोन वाकवलेल्या तारा, थाळीच्या काठाला धरणाऱ्या. पेटंटच्या चित्रावर साक्षीदारांच्या सह्या लागत.

"याआधी कुठे पाहिलंयस असं काही?" त्याने विचारलं होतं.

"नाही बुवा. बेस आहे," एनॉक म्हणाला आणि त्याने सही ठोकली.

"परत आलो की अर्ज धाडतो," म्हणून लेम्युअल पुढच्या फेरीला गेला. तो परतायच्या आत एनॉकने हार्टफर्डची गाडी पकडून वकील गाठला. या वस्तूचा खरा आणि पहिला शोधक मीच, अशी शपथ घेतली. तार वाचावी म्हणून दांडा तेवढा आखूड केला. एवढीच काय ती त्याची स्वतःची अक्कल.

कारखान्यातून आलेला पहिला चिमटा त्याने घरी नेला. केझायाने तो उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही केलात?"

"मग कोणी?"

"छान आहे," ती म्हणाली. भट्टीशेजारी खिळा होताच, त्याला तिने तो अडकवला आणि पुन्हा कणीक तिंबायला लागली. तिने जास्त काही विचारलं नाही याचं त्याला बरंच वाटलं. तसाही तो स्वयंपाकघरात फारसा फिरकत नसे. जेवण टेबलावर येई, तो जेवे.

लेम्युअल मात्र भांडलाच नाही. त्याने भर चौकात एक मुस्कटात दिली असती तरी एनॉकला सुटल्यासारखं झालं असतं. उलट रस्त्यात भेटला की तोच नजर चुकवून निघून जाई. चोरी मी केली आणि तोंड हा लपवतो, या विचाराने एनॉकला भर प्रार्थनेत घाम फुटे.

"लेम, मी तुझा चिमटा चोरला," तो आता एका दमात म्हणाला. "शपथ खोटी घेतली. लाज वाटते रे. माफ कर म्हणायचीसुद्धा लाज वाटते."

लेम्युअल हसायला गेला आणि त्याला खोकला आला. मग त्याची नजर फडक्यात बांधलेल्या थाळीवर गेली.

"केझायाने दिला?"

"हो. निघताना म्हणाली, लेम्युअल काय म्हणतात ते आल्यावर मला सांगा."

"असं म्हणाली?" लेम्युअलने डोळे मिटले. "एनॉक, तो चिमटा माझा नव्हताच."

"म्हणजे?"

"भांडी विकायला एका घरी मागच्या दाराने गेलो होतो. तिथल्या बाईने कुंपणाची तार वाकवून तो केलेला. मी नुसता कागदावर उतरवला. पण शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा जीभ रेटेना, म्हणून फेरीचं निमित्त काढून पळालो. तुझ्याशी कुठल्या तोंडाने भांडणार होतो?"

एनॉकला क्षणभर इतकं हलकं वाटलं, की त्याचीच त्याला पुन्हा लाज वाटली.

"कोण ती बाई? मी जातो. पाया पडतो तिच्या."

"नाव माझ्या तोंडून नको. जिवंत आहे ती," लेम्युअल म्हणाला आणि त्याने भिंतीकडे कूस वळवली. "जा आता घरी."

वाटेत प्रत्येक घरापाशी एनॉकचं पाऊल अडखळत होतं. हिचा असेल का? का तिचा? भाजल्याचे डाग तर सगळ्याच बायकांच्या मनगटांवर होते. चर्चच्या जेवणावळीत हात बघावेत तर एकट्या केझायाचे. बायका तिचा हेवा करत. अलीकडे तिच्याही मनगटावर डाग दिसायला लागले होते. वय झालं, हात कापत असेल, असं एनॉकने धरलं होतं.

घरी पोचल्यावर तो थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. केझाया भट्टीपाशी वाकली होती. इतकी वर्षं बायकोपासून लपवलेलं त्याने तिच्या पाठीकडे बघत सगळं सांगून टाकलं. सही, हार्टफर्ड, शपथ, कुंपणाची तार, कुठलीशी बाई.

"नाव नाही सांगितलं त्यांनी?" तिने विचारलं.

"नाही. पण मी शोधून काढीन तिला."

केझायाने खिळ्यावरचा चिमटा काढला, भट्टीचं दार उघडलं आणि आतली थाळी बाहेर ओढली. मनगट दाराला चाटून गेलं. तिने ते ओठांशी धरून फुंकर घातली.

"दांडा तेवढा आखूड केलात तुम्ही," ती म्हणाली. "माझा मोडला, तो लांब होता."