टाकीतले दगड

विपुलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत केशरी पट्ट्यांचा एक मासा दोन वर्षं एकटाच नांदत होता. टाकी जेमतेम दोन फुटी, पण रुबाब अख्ख्या समुद्राचा. सोबतीला आणलेल्या दोन माशांच्या शेपट्या त्याने कुरतडल्या, ते परत करावे लागले. शेवटी महिनाभर चौकशी करून विपुलने तळाशी राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा एक लहानखुरा मासा मुंबईहून मागवला आणि वीर स्टेशनवरून रिक्षात मांडीवर पिशवी धरून महाडला आणला.

पण तो सोडण्याआधी त्याने टाकीतले सगळे दगड इकडचे तिकडे करायला घेतले. लग्न चार दिवसांवर, घरात शंभर कामं, आणि नवरदेवाचे हात कोपरापर्यंत पाण्यात. त्याची आई, चंपाबाई, दारातच थांबली.

"अरे, चांगलं मांडलेलं मोडतोस कशाला?"

"आई, जुन्याला वाटतं सगळं घर आपलंच. दगड हलवले की त्यालाही जागा नवी होते. मग स्वतःचा कोपरा शोधायचा सोडून नव्याशी भांडायला वेळ कुठला?"

चंपाबाई टाकीकडे बघत राहिली, मग आत स्वयंपाकघरात गेली.

&nbsp;

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी नव्या सुनेने साखरेचा डबा विचारला, तेव्हा तीस वर्षं फळीवरचा चमचाही कुणाला हलवू न देणारी चंपाबाई एकेक झाकण उघडत म्हणाली, "सगळे डबे फिरवून ठेवलेत, मला पण नाय सापडत. ये गो, दोघी मिळून शोधू."